तारेचं दुसरं टोक

फोन खिशात घाला आधी. आणि ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं, मध्ये दात काढलेत तर मी उठून जाईन. ही उडतउडत कानावर आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो मोबाईलच्या दुकानवाला माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस.

शुक्रवार होता, अमावस्येची आदली रात्र. नऊ वाजता दुकानाचं शटर अर्धं ओढून तो गच्चीवर गेला. काम साधंच. वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले आजोबा नुकतेच वारले होते, आणि त्यांच्या रेडिओची लांबलचक तार टाकीपासून जिन्यापर्यंत अजून ताणलेली होती. घरमालक म्हणाला, "काढून टाक एकदाची." पण आजोबांच्या गाठी घड्याळजीच्या हातच्या, बारीक आणि चिवट. सोडवता सोडवता याला घाम फुटला. घाम गाठींचा नव्हता.

आजोबांना शॉर्टवेव्हचं वेड. खरखरीतून कुठलंसं लांबचं स्टेशन शोधायचं आणि पोरासारखं खूश व्हायचं. "अहो, सगळं मोबाईलवर मिळतं की," हा चिडवायचा. पण एक गोष्ट मिळत नव्हती. आजोबांची मुलगी भांडून घर सोडून गेली होती. ना पत्ता, ना फोन. एके रात्री परदेशातल्या एका स्टेशनवर आपल्या भाषेतल्या बातम्या लागल्या, आणि वाचणारी तीच! ते स्टेशन इंटरनेटवर नव्हतंच. आजोबांनी स्टेशनच्या पत्त्यावर पत्र टाकलं. पुढे ते स्टेशन बंद व्हायची वेळ आली, तेव्हा बातम्या संपवून ती म्हणाली, "घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माझ्या एका श्रोत्याशी पुढच्या शुक्रवारी, शेवटच्या कार्यक्रमात, दोन शब्द बोलेन."

आता गोची अशी, की याच्या दुकानातले स्वस्तातले चार्जर चालू असले की वर रेडिओवर नुसती घर्रघर्र. त्या शुक्रवारी आजोबांनी खाली येऊन हात जोडले. "अर्धा तास बंद ठेव रे. साडेनऊ ते दहा."

"ठेवतो की, त्यात काय!" हा म्हणाला. आणि साडेनऊला घड्याळाकडे बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघितलं, आणि चालूच ठेवले. वर म्हणतो कसा, "म्हाताऱ्याला खरखरीचीच तर हौस आहे!" जीभ झडायला हवी होती लेकाची.

दहाला आजोबा जिना उतरून आले. ओरडले नाहीत.

"'बाबा', एवढंच ऐकू आलं," म्हणाले. "पुढचं तू खाल्लंस. तुलाही तेवढंच ऐकू येईल."

त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच.

तर त्या रात्री याने तार गुंडाळली, दुकानाच्या खणात टाकली, कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवली आणि मागच्या खोलीत खाटेवर आडवा झाला. साडेनऊला फोन वाजला. मुलाचा. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. एकुलता एक.

"बाबा..."

आणि घर्र.

"हॅलो? अरे, ऐकू येत नाहीये!"

घर्र... याने चार्जर उपटले. सगळे. घर्र... मेन स्विच पाडला. अंधार. घर्र... आणि त्याच्या तळाशी पोराचा आवाज. बोलत होता. भराभर. शब्द एकही नाही.

"मोठ्याने बोल रे, राजा!"

...

वरच्या रिकाम्या खोलीत खुर्ची सरकली.

"आजोबा... चुकलो. पाया पडतो तुमच्या. बंद करा..."

...

फोन कटला. मग लागलाच नाही.

पहाटे मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरचा फोन आला. आवाज कसा, स्वच्छ, खणखणीत. ट्रक दरीत गेला होता. पोरगा जागीच... तो ड्रायव्हर रडत विचारत होता, "काका, रात्री ढाब्यावर तुमच्याशी बोलताना ढसाढसा रडत होता तो. एवढं काय सांगत होता?"

याने ऐकलं होतं ते एवढंच, 'बाबा'.

सकाळी मीच पोचलो आधी. खाटेवर बसलेला, फोन अजून कानाला; रात्रीचं सगळं त्यानेच तुटक तुटक सांगितलं. किल्ली गळ्यात. खणाला कुलूप तसंच. मी खिडकीतून सहज वर गच्चीकडे बघितलं...

तार पुन्हा ताणलेली. टाकीपासून जिन्यापर्यंत. तिथून खाली, खिडकीच्या गजांतून आत. दुसरं टोक त्याच्या उशीला बांधलेलं होतं. गाठ बारीक होती. चिवट.