ब्रिजिडच्या रात्रीचं कापड

दार लावून घ्या, आणि मध्येच खिदळू नका. मॅलकी गेरॅटी माझ्या पक्क्या ओळखीचा. त्याने सांगितलं तसंच सांगतो.

एकतीस जानेवारी, संत ब्रिजिडची रात्र. आमच्या मेयोत, आयर्लंडच्या पश्चिमेला, त्या रात्री घरची बाई कापडाची पट्टी कुंपणावर टाकते. संत जाता जाता त्या पट्टीला हात लावते. मग वर्षभरात कुठलीही गाय विताना अडली, की तिच्या पाठीवर तीच पट्टी ठेवायची. मॅलकीकडे हे काम त्याच्या बायकोचं, डेलियाचं. ती नोव्हेंबरात गेली. मेल्यावर अंगात घालायचा तपकिरी झगा तिने स्वतःच शिवून ठेवला होता. दोरा संपला म्हणून खालची किनार तेवढी निळ्या दोऱ्याने शिवली. त्याच झग्यात तिला पुरलं. यंदा कापड टाकायचं मॅलकीच्या ध्यानातच राहिलं नाही.

आणि नेमकी त्याच रात्री सिल्की अडली. डेलियाने बाटलीने दूध पाजून वाढवलेली गाय. तिच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं. गुरांच्या डॉक्टरची गाडी पुरापलीकडे अडकलेली. शेजारचा फेस्टी दोर घेऊन आला.

"वासरू उलटं आहे. कापड आण."

"यंदा टाकलंच नाही रे."

"मग गेल्या वर्षीचं आण. उभा काय राहिलास ठोंब्यासारखा?"

मॅलकी घराकडे निघाला. वाटेत बॅटरी विझली. कुंपणाच्या काट्यांत काहीतरी फडफडत होतं. चाचपलं... कापड. फेस्टीच्या बायकोने टाकलं असेल. त्याला हायसं वाटलं.

ओढलं. येईना.

पुन्हा ओढलं. पलीकडूनही कुणी ओढलं. हळूच.

"कोण आहे?"

वारा पडला. सिल्की गोठ्यात हंबरली. मॅलकीने जीव खाऊन हिसका मारला. कापड फाटलं. अर्धं हातात आलं.

धावत येऊन त्याने ते न बघताच सिल्कीच्या पाठीवर टाकलं, आणि दोघांनी दोर धरला. वासरू आलं. जिवंत. सिल्कीने त्याला एकदा चाटलं... आणि मान टाकली.

मॅलकी खाली बसला. म्हणाला, "कापड फाटलं, तुझ्या बायकोला सांग."

"माझ्या बायकोला? ती आठवडाभर बहिणीकडे आहे."

फेस्टीने मोबाइलचा उजेड गाईच्या पाठीवर धरला.

तपकिरी कापड. ओली माती लागलेली.

खालच्या किनारीला निळा दोरा.