बाणाची गिरकी

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी चक्क किंचाळले होते. काकांच्या चष्म्याच्या दुकानात मी एकटी, माउसला हातही लावलेला नाही, आणि पडद्यावरचा बाण आपला आपण फिरतोय! तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून एक जण शांतपणे सांगत होता की तो कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आहे, दुसऱ्या गावी बसून आमचा बिलांचा घोळ निस्तरतोय.

"मग आधी सांगून यायचं ना," मी म्हणाले.

तेव्हापासून तो आधी फोन करायचा, मगच आत यायचा. काम संपलं की बाणाची एक गिरकी घेऊन जायचा. त्या गिरकीसाठी मी मुद्दाम काय काय बिघडवलं, ते काकांना कळलं असतं तर माझी धडगत नव्हती.

म्हणून आजच्या फोनने मी हादरलेच. दुकानाचं काम दुसऱ्या कंपनीला गेलं होतं. आत यायची त्याची वाट त्याला आज कायमची बंद करायची होती. कामच उरलं नाही, तर फोन तरी कशाच्या निमित्ताने करायचा?

नुसती पडद्यावरची खिडकी बंद करून भागत नाही, तो सांगत होता, मागे प्रोग्राम चालूच राहतो; कमांड देऊनच थांबवावा लागतो. पडद्यावर काळी चौकट उघडली. एकेक अक्षर उमटलं, ओळ पूर्ण झाली... आणि एंटर काही दाबलं जाईना.

मी हळूच शेवटचं अक्षर पुसलं. त्याने ते परत लिहिलं. मी दोन पुसली. त्याने दोन लिहिली.

"नका ना असं करू," तो म्हणाला. "आधीच हात चालत नाहीये माझा."

सगळी ओळच पुसून टाकावी म्हणून मी घाईने बोट टेकवलं — आणि ते पडलं एंटरवर.

प्रोग्राम थांबला. गिरकी नाही, काही नाही. मला रडूच फुटलं.

"मी... मीच बंद केलं? परत चालू करा ना."

"इथून नाही होत आता. तिथे येऊन, तुमच्या खुर्चीत बसूनच करावं लागेल. पण ते काम आता माझं नाही."

"कामासाठी कोण बोलावतंय?"

माझ्या तोंडून हे गेलं? मी फोनकडे बघतच राहिले.

"उद्या सकाळी निघतो," तो म्हणाला. "आधी सांगून येतोय, बरं का."

काउंटरपाशी चष्म्याची काच पुसता पुसता काकांनी मान वर केली. "आता काय बिघडलं गं?"

"काही नाही, काका. तो... येतोय."

"चला," काका पुन्हा काच पुसायला लागले. "म्हणजे आता तरी तू मुद्दाम बिघडवायचं थांबशील."