पण बाबांचं काय?

पहिल्याच भेटीत मी त्याला नखशिखांत भिजवलं. मुद्दाम नाही हो! रोपांवर पाणी मारता मारता पाइप वळवला आणि नेमका हा फाटकातून आत. शर्ट चिंब, चष्म्यावर थेंब... आणि तरी स्वारी हसतेय.

"रोप हवंय?" मी ओशाळून विचारलं.

"रोप नको. कलम कसं करतात ते बघायचंय. पुढच्या बुधवारी वादविवाद आहे."

तेव्हा कुठे ओळख पटली. आमच्या चर्चमध्ये नुकतेच आलेले धाकटे पाळक! रविवारी झग्यात पोक्त वाटायचा. भिजल्यावर जेमतेम अठ्ठावीसचा दिसला.

आमची नर्सरी शनिवारी बाबांमुळे बंद आणि रविवारी आईमुळे. बाबा यहुदी, आई ख्रिस्ती, आणि मी आईबरोबर चर्चला जाणारी. बाबा आम्हाला सोडतात आणि उपासना संपेपर्यंत बाहेर गाडीत पेपर वाचत बसतात. "त्यांच्या तारणासाठी प्रार्थना करतोय हं आम्ही," असं बायका आईला हळूच सांगतात. आई हसते. घरी आल्यावर मात्र भांडी जरा जास्तच आपटते.

"देव माणसाला आधीच निवडतो, की माणूस स्वतःच्या मर्जीने देवाकडे येतो, हा विषय," तो चष्मा पुसत म्हणाला. "मी निवडीच्या बाजूने. पण एक प्रश्न घशात अडकलाय. देवाने सगळ्यात आधी निवडलं यहुद्यांना. त्यांनी ख्रिस्ताला मानलं नाही, मग त्यांचं काय? बायबल म्हणतं, तोडलेली फांदी पुन्हा आपल्याच झाडाला जोडता येते. खरंच येते?"

"परक्या फांदीपेक्षा लवकर जीव धरते," मी म्हटलं. "बसा, दाखवते."

मी खुंटाला, म्हणजे छाटलेल्या रोपाच्या खोडाला, चीर दिली, फांदीची काडी तासून आत बसवली, वर पट्टी गुंडाळली. "घट्ट धरा."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

त्याने धरली. मी सांगायला विसरले... बरं, विसरले नाही.

"काडी तुम्ही निवडली," तो एकदम खुलला. "तिला कोणी विचारलं नाही. म्हणजे माझीच बाजू खरी!"

"जीव धरायचा की नाही ते तीच ठरवते. दहातल्या तीन रुसून बसतात."

"अरेच्चा! ही तर समोरच्याची बाजू झाली."

"मग हरा की. कोण नको म्हणतंय?"

त्यानंतर तो तीनदा आला. दर वेळी नवी शंका आणि दर वेळी इस्त्रीचा शर्ट. मंगळवारी जाता जाता फाटकाशी घुटमळला. "उद्याचं एकदा पार पडलं की... देवाची इच्छा असेल तर... तुम्हाला एक विचारायचंय."

काय ते मला कळलं होतं. मला ते हवंही होतं, आणि त्याचाच राग आला.

"रविवारी बाहेर गाडीत बसतात ना, ते माझे बाबा," मी म्हणाले. "उद्या तुम्ही बोलाल ते त्यांच्याबद्दल असेल. आधी बोला. मग विचारा. विचारावंसं वाटलं तर."

त्याचा चेहरा उतरला. "मला... माहीतच नव्हतं," एवढंच म्हणून तो गेला.

बुधवारी चर्चचा हॉल खचाखच भरलेला. पहिल्या रांगेत थोरले पाळक, ज्यांच्या शब्दावर याची पक्की नेमणूक अडलेली. समोरचे वक्ते बोलण्यात पटाईत. "दार सगळ्यांना उघडं आहे, आत यायचं की नाही ते माणसाच्या हातात," असं ठासून सांगून ते त्याच्याकडे वळले. "तुमच्या फाटकाबाहेर एक यहुदी गृहस्थ बसतात. आत्ताही बसलेत. ते निवडलेले की नाकारलेले? एका शब्दात सांगा."

आईने माझा हात गच्च धरला.

"नाकारलेले म्हणायचा मला हक्क नाही," तो सावकाश म्हणाला. "देवाने त्यांच्या लोकांना शब्द दिला, तेव्हा आपला पत्ताही नव्हता. तो शब्द त्याने मोडला म्हणावं, तर मला दिलेला तरी तो पाळेल कशावरून? त्यांना तो कसा तारेल, ते मला कळत नाही. पण त्याने त्यांना सोडलेलं नाही. यात मी वाद हरलो असेन, तर हरलो."

आईने इतका मोठा श्वास सोडला की पुढच्या बाई वळून बघायला लागल्या. ती हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. मला तर उडी मारावीशी वाटली!

थोरले पाळक उठले. माझा जीव पुन्हा टांगणीला.

"हरला नाहीस," ते म्हणाले. "बस. पाणी पी."

बाहेर आलो तर स्वारी आमच्याआधीच गाडीशी पोचलेली.

"तुम्हाला न विचारता तुमच्याबद्दल बोललो," तो बाबांना म्हणत होता. "माफ करा."

"खिडक्या उघड्या होत्या. ऐकलं सगळं." बाबांनी पेपरची घडी केली. "माझं वरचा बघेल, पाळकसाहेब. पण नर्सरीत चारदा आलात आणि एक रोप नेलं नाहीत. ते का?"

तो कानापर्यंत लाल. माझ्याकडे वळला. "देवाची इच्छा असेल तर..."

"ती देवाला विचारू," मी त्याला अडवलं. "तुमची काय आहे?"

"लग्नाची," तो एका दमात बोलून गेला. "तुमच्याशी. म्हणजे... तुमची मर्जी असेल तर."

"आहे," मी म्हटलं. हुश्श! इतकं सोपं होतं?

आम्ही दोघं मागच्या सीटवर, मध्ये वीतभर अंतर ठेवून. आई पुढे बसली, पण बाबांना गाडी सुरू करू देईना.

"अहो, इतकी वर्षं मी तुमची फार काळजी केली."

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "आत बसून माझी काळजी करायचीस. बाहेर आल्या आल्या मी दिसावा, म्हणून तर इथे थांबायचो."