शांततेची चाचणी

टोरुन त्या दिवशी ऑफिसात आली ती एका साध्या कामासाठी. बटण दाबायचं, कॉफी होईपर्यंत थांबायचं, पडद्यावर हिरवी खूण उमटली की घरी जायचं. जानेवारी होता. उत्तर ध्रुवाजवळच्या स्कार्डनेस गावात नोव्हेंबरात मावळलेला सूर्य अजून उगवायचा होता. त्यामुळे दुपार असूनही खिडकीबाहेर काळोख, खाली फ्योर्डचं, डोंगरांत शिरलेल्या समुद्राचं पाणी आणि पाण्याकाठच्या रस्त्यावर दिव्यांची ओळ, एवढंच दिसत होतं. रस्त्याच्या डोक्यावर डोंगर होता. तो दिसत नव्हता; पण गावातलं कुणी त्याला विसरतही नसे.

त्या डोंगरावर त्यांच्या छोट्याशा कंपनीने डबे पुरले होते. जमिनीचा कानोसा घेणारे डबे. ऑफिसात सगळे त्यांना ‘कान’ म्हणत. बर्फ सरकायला लागलं की कान ते टिपत आणि खाली रस्त्यावरचे दिवे लाल होत. जुना प्रोग्रॅम मात्र वाऱ्याच्या घोंघाटात बर्फाचा आवाज हरवून बसायचा. टोरुनने महिनाभर खपून त्यावर तोड काढली होती. संध्याकाळी वादळ येणार होतं, आणि शाळेची बस त्याच रस्त्याने पलीकडच्या वस्तीवर जायची. नवा प्रोग्रॅम त्याआधी डोंगरावर पोचायलाच हवा होता.

कॉफी झाली. पडद्यावर लाल खूण होती.

सगळे तुकडे जोडून, तपासून प्रोग्रॅम तयार करायचं काम एक स्क्रिप्ट करत असे. ती आयलिफने लिहिलेली. आयलिफ नोव्हेंबरच्या पहिल्या वादळाआधी एक बिघडलेला कान बदलायला वर गेला आणि परतलाच नाही. दक्षिणेकडच्या घळीत त्याला खूप शोधलं, मग धोका वाढला म्हणून शोध थांबवला. बर्फ वितळल्यावर पुन्हा बघू, असं ठरलं. त्याची खुर्ची अजून टेबलाशी होती. तिच्यावर कुणी बसत नसे, तिला कुणी हलवतही नसे.

स्क्रिप्ट अडली होती ती शेवटच्या टप्प्यावर, शांततेच्या चाचणीवर. तळघरात काँक्रीटवर एक कान ठेवलेला असे. स्क्रिप्ट त्याला थोडा वेळ ऐकायला सांगे. काहीच ऐकू आलं नाही की चाचणी पास. आज त्याला काहीतरी ऐकू येत होतं.

“खाली उंदीर झालेत,” पलीकडून दाइवा म्हणाली. ती लिथुआनियाची, बोलायला फटकळ. “नाहीतर तुझ्या प्रोग्रॅमला भास होतायत. मालकिणीवर गेलाय.”

“भास असे एका तालात होत नाहीत. हे बघ.”

पडद्यावर रेघ उमटत होती. ठोका, मग तेवढंच अंतर, मग ठोका. दाइवा खुर्चीतून उठली, जवळ येऊन बघत राहिली. तिचं हसू हळूहळू मावळलं.

“चालतंय कुणीतरी,” ती म्हणाली.

टोरुनने जुना कचरा पुसून सगळं पहिल्यापासून जोडायला लावलं. पुन्हा लाल. आपला नवा भाग काढून जुनाच प्रोग्रॅम चढवून पाहिला. तोही लाल. मग ती टॉर्च घेऊन तळघरात उतरली. ही इमारत पूर्वी मासळीचं कोठार होती; भिंतींना अजून मीठ आणि तेलाचा जुनाट वास होता. दोरांची वेटोळी, रिकामे पिंप आणि कोपऱ्यात तो डबा. ती बूट काढून मोज्यांवर उभी राहिली. श्वाससुद्धा जपून घेत होती. कुठे टाचणी पडल्याचाही आवाज नव्हता.

“टोरुन…” जिन्याच्या तोंडाशी दाइवा आली होती. “तू चालतेयस का?”

“मी हललेलेही नाही.”

“मग उभी राहू नकोस तिथे. वर ये.”

टोरुनने वाकून डब्याची वायर ओढून काढली.

“आता?”

दाइवा आत जाऊन पाहून आली.

“आता… आताही चालतंय.”

टोरुन जिना कशी चढली ते तिचं तिला कळलं नाही. वर येऊन तिने दार लावून घेतलं.

“तो टप्पाच गाळून टाक,” दाइवा म्हणाली. “एक ओळ तर आहे. बाकी सगळं हिरवं आहे ना?”

“आणि प्रोग्रॅमला खरंच भास होत असतील, त्यात बर्फाचा आवाज हरवला तर? मुलं असतात त्या बसमध्ये.”

तिने खुर्ची पुढे ओढली आणि आयलिफची स्क्रिप्ट ओळीओळीने वाचायला घेतली. हे काम पूर्वीच करायला हवं होतं. पण त्याची अक्षरं वाचताना तोच शेजारी बसून बोलतोय असं वाटायचं, म्हणून तिने ते टाळलं होतं. बाहेर वारा उठला. खिडकीच्या काचा मधूनच कुरकुरत होत्या. ती उठून येरझारा घालायची, पुन्हा बसायची. मग एका जागी तिचं बोट थांबलं.

“दाइवा, हा नंबर तळघरातल्या कानाचा नाहीये.”

“मग कुणाचा?”

“तिथे पूर्वी असायचा त्याचा. आताचा मी डिसेंबरात ठेवला, तिथे काहीच नव्हतं म्हणून. स्क्रिप्ट अजून जुन्यालाच हाक मारतेय. आणि उत्तर आलं नाही तर ती त्यालाच शांतता समजते. पास करून टाकते.” टोरुनचा आवाज खाली आला. “इतके दिवस चाचणी पास होत होती ती शांतता होती म्हणून नाही. पलीकडून उत्तरच येत नव्हतं.”

“आणि आज येतंय…”

“जुना कान कुठे गेला?”

दाइवाने तोंडावर हात ठेवला. “आयलिफ घेऊन गेला. त्या सकाळी. वरचा बिघडलाय, नवा यायला वेळ लागेल, म्हणाला. त्याने डबा भरला तेव्हा पिशवी मीच धरली होती, टोरुन.”

दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. ठोका. ठोका. ठोका.

उत्तर डोंगरावरच्या, कानांचे निरोप खाली पाठवणाऱ्या खांबावरून येत होतं, उत्तरेकडच्या घळीतून. तिथे कुणी शोधलंच नव्हतं. टोरुनने अस्लाकला फोन केला. अस्लाक बचाव पथकाचा प्रमुख. मितभाषी माणूस, सगळी हयात त्या डोंगरावर गेलेली. तो तसाच, अंगावर बर्फ घेऊन आला. टोरुनने ती रेघ स्पीकरवर लावली. खोलीभर दबक्या पावलांचा आवाज पसरला. घट्ट बर्फावर कुणी चालावं तसा, खालून, दुरून.

“त्या डब्याची बॅटरी किती चालते?” अस्लाकने विचारलं.

“आठवडाभर. फार तर.”

तो स्पीकरजवळ वाकला. “दोन महिने झाले, पोरी.”

“मला कळतंय. पण कुणीतरी चालतंय ना…”

“या वाऱ्यात मी माणसं वर पाठवणार नाही. आयलिफनेही पाठवली नसती.”

तेवढ्यात पावलं थांबली. आणि मग ती पुन्हा सुरू झाली, पण आता भराभर, जवळजवळ धावल्यासारखी. थांबायला तयार नसल्यासारखी.

“बंद कर ते,” दाइवा ओरडली. “बंद कर आधी!”

टोरुनने नंबर बदलला. उत्तर नसेल तर चाचणी नापास, असंही स्क्रिप्टला बजावलं. तळघरात जाऊन वायर जोडायची होती. अस्लाक तिच्यासोबत उतरला. या वेळी स्क्रिप्टने खऱ्या कानाला विचारलं, खऱ्या शांततेचं उत्तर आलं आणि हिरवी खूण उमटली. नवा प्रोग्रॅम डोंगरावर गेला.

संध्याकाळी, वादळ ऐन भरात असताना, रस्त्यावरचे दिवे लाल झाले. बस अलीकडेच थांबली. ड्रायव्हर नंतर सांगायचा की तो शिव्या घालत होता, मुलं गाणी म्हणत होती, आणि समोरचा रस्ता एकाएकी दिसेनासा झाला. दक्षिणेकडचा अख्खा उतार खाली आला होता. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

हवा निवळल्यावर अस्लाक कुत्री घेऊन उत्तरेच्या घळीत गेला. आयलिफ तिथेच होता. त्याला खाली आणलं, मातीत ठेवलं. त्याच्या आईने टोरुनचे हात धरले आणि सोडलेच नाहीत. टोरुनला वाटलं, आता झोप लागेल.

पण त्या दिवशी, सगळे पांगल्यावर, अस्लाक तिच्याजवळ येऊन उभा राहिला. टोपी हातात फिरवत होता.

“डॉक्टर म्हणाले, तो जागच्या जागी गेला. मान मोडली होती. दोन्ही मांड्यासुद्धा. एक पाऊल टाकणं शक्य नव्हतं.”

“आणि डबा?”

“पिशवीत. पिशवीचा पट्टा आवळलेला. आत डबा बंद होता, टोरुन. बटण बंद.”

तिने मागे वळून पाहिलं; जवळपास कुणी नव्हतं.

“हे मी कुणाला सांगितलेलं नाही,” अस्लाक म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला वाकावं लागलं. “दोन पुरुष खोल खणलं आम्ही. वरचं बर्फ भुसभुशीत होतं. पण त्याच्याभोवती… एक पोकळी होती. तळाचं बर्फ तुडवून दगडासारखं झालेलं. गोल. त्याच्याभोवती कुणीतरी फेऱ्या मारत राहावं तसं.”

“बुटांचे ठसे होते?”

अस्लाकने नकारार्थी मान हलवली.

“अनवाणी,” तो म्हणाला. “आणि एवढेसे.” त्याने आपला तळहात उघडून तिच्यापुढे धरला.