मनवाची खुर्ची दरीकडे का वळते?

"मावशी, बघ ना! परत उजवीकडे वळली!"

मनवाने दोन्ही चाकं हातांनी घट्ट धरली. तिच्या व्हीलचेअरचं तोंड दरीकडे झालं होतं. कडेला भक्कम कठडा होता, त्यामुळे भीती नव्हती. पण सरळ ढकललेली खुर्ची सरळ जाईना, याचा तिला भारी राग आला होता.

उंबरदरा निसर्ग उद्यानातली ही नवी पायवाट डोंगराला वळसे घेत वरच्या तळ्यापर्यंत जात होती. व्हीलचेअरवरच्या माणसांनाही कुणाच्या मदतीशिवाय तळं गाठता यावं, म्हणून ती मुद्दाम बांधली होती. मनवाची मावशी, डॉ. वृंदा दामले, या प्रकल्पाची शास्त्रज्ञ. मुरूम दाबून वाट तयार केली होती तिच्या यंत्रमानवाने. त्याला आठ पाय होते, म्हणून सगळे त्याला खेकडोबा म्हणत. उद्या मनवाच्या शाळेची सहल इथे यायची होती.

"मनवाताई," खेकडोबा म्हणाला, "माझ्या मोजमापानुसार चढ अगदी सौम्य आहे. बिघाड तुमच्या खुर्चीत असावा."

"माझ्या खुर्चीत? काल मैदानावर कशी सुसाट सरळ पळत होती!"

मावशी गंभीर झाली. "कारण सापडलं नाही, तर उद्या व्हीलचेअर खालच्या बागेतच थांबवावी लागेल, मनू. असं मी कुणालाही वर पाठवणार नाही."

मनवाने जोरात मान हलवली. सगळा वर्ग तळ्यावर आणि आपण बागेत गुलाब मोजत बसायचं? छे!

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. उजवा हात भरून आला होता. डावा मात्र ताजातवाना होता. असं का व्हावं? तिला एकदम काहीतरी सुचलं. तिने खुर्ची फिरवली आणि आल्या वाटेने ती परत निघाली. आता दरी डाव्या हाताला होती. आणि खुर्ची चक्क डावीकडे वळली!

"मावशी!" मनवा किंचाळलीच. "बिघाड खुर्चीत असता, तर ती नेहमी एकाच बाजूला वळली असती. पण ती दर वेळी दरीकडेच वळते. म्हणजे दोष वाटेत आहे!"

"सिद्ध कर," मावशी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

मनवाने पाण्याची अर्धी भरलेली बाटली मावशीला वाटेवर आडवी ठेवायला लावली. तळ डोंगराकडे, झाकण दरीकडे. आतलं सगळं पाणी झाकणाकडे धावलं.

"शाब्बास!" मावशी खाली बसली आणि बोटाने मुरुमावर रेघा ओढू लागली. "हे बघ. आपण चालतो त्या दिशेला असतो तो चढ. पण वाट रुंदीतही कललेली असू शकते. त्याला म्हणायचं आडवा उतार (वाटेची एक कड दुसरीपेक्षा खाली असणं). गुरुत्वाकर्षण (पृथ्वीची सगळ्या वस्तूंवरची ओढ) तुझ्या खुर्चीला त्या खालच्या कडेकडे खेचतं. तुझा भार मोठ्या चाकांच्या थोडा पुढे असतो, आणि पुढची छोटी चाकं कुठेही वळू शकतात. मग काय होतं?"

"पुढचा भाग उताराकडे घसरतो! आणि तो सरळ ठेवायला मला दरीकडच्या हाताने जास्त जोर लावावा लागतो. म्हणून एकच हात दुखला!"

"पण मला हे का जाणवलं नाही?" खेकडोबाने विचारलं, आणि मग आपल्या पायांकडे पाहत स्वतःच म्हणाला, "माझे पाय जमिनीप्रमाणे आपोआप लांब-आखूड होतात. वाट कितीही कलली, तरी मी सपाटच असतो. शिवाय मला फक्त चढ मोजायला सांगितला होता."

मावशीने जीभ चावली.

"मग आत्ताच्या आत्ता सपाट करून टाक!" मनवा म्हणाली.

"तीच तर अडचण आहे," मावशी म्हणाली. "अगदी सपाट वाटेवर पावसाचं पाणी साचेल. मुरुमाचा चिखल होईल आणि त्यात तुझी चाकं रुततील. पाण्याला वाहायला उतार हवाच."

मनवा मुरुमावरच्या रेघांकडे बघू लागली. पाण्याला उतार हवा, चाकांना नको. जमायचं कसं?

"पण पाण्याला किती हवा?" ती हळूच म्हणाली. "कदाचित मला त्रास होतो त्याहून कमीसुद्धा पुरेल. करून बघूया ना!"

मग काय धमाल उडाली! खेकडोबा मुरूम खरवडून, दाबून उतार थोडा कमी करायचा. मावशी झारीने पाणी ओतायची. मनवा त्यावरून खुर्ची चालवायची आणि ओरडायची, "अजून ओढते!" पुन्हा खरवडा, पुन्हा दाबा. एकदा उतार इतका कमी झाला, की पाणी तिथेच डबकं करून बसलं. मग तो किंचित वाढवला. शेवटी पन्नास बोटं रुंदीला जेमतेम एक बोट उतार राहिला, तेव्हा पाणी रमतगमत कडेला गेलं. आणि मनवाची खुर्ची? सुतासारखी सरळ!

"दोन्ही हातांना सारखाच जोर लागतोय!" मनवाने टाळ्या पिटल्या. संध्याकाळपर्यंत खेकडोबाने सगळी वाट तशीच करून टाकली.

दुसऱ्या दिवशी मनवा वर्गाच्या सगळ्यात पुढे होती. चढ होताच, घामही आला. पण कुणी ढकललं नाही, कुणी उचललं नाही. शेवटचं वळण संपलं आणि समोर तळं पसरलं. हिरव्या पानांवरून लांब बोटांचा एक कमळपक्षी टपाटप चालत गेला. मनवा श्वास रोखून बघत राहिली.

खेकडोबा तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. "मनवाताई, पुढची वाट त्या पलीकडच्या टेकडीवर बांधायची आहे. या वेळी मी आडवा उतार आधीच मोजेन. अजून काय मोजू?"

मनवाने टेकडीकडे नीट पाहिलं.

"ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना तिथे वाट कशी कळेल?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही," खेकडोबा म्हणाला.

"मलाही नाही," मनवा हसली. "म्हणून आधी त्यांनाच बोलवायचं. वाट त्यांच्याबरोबर बांधायची!"