समोरची जागा

"बाई, तुमी आमच्या भाचीचा हात उलटा केला."

मे महिन्याची दुपार, साल दोन हजार तीन. निरगुडसरच्या शाळेच्या व्हरांड्यात माझा सुट्टीतला क्रोशाचा वर्ग चालला होता. समोर एक तरुण उभा… शर्टाला वार्निशचा वास, हातात गुलाबी क्रोशाची सुई. मागे आठ वर्षांची आरोही मान खाली घालून.

"उलटा म्हणजे?"

"लिहिती उजव्या हातानं, जेवती उजव्या हातानं. ही सुई तेवढी डाव्या हातानं धरती. आमची ताई लई कावलीय."

मी वर्गाकडे पाहिलं. चौदा पोरं माझ्या दोन्ही बाजूंना खेटून बसलेली आणि चौदाही सुया डाव्या हातांत. दोन आठवडे मला ते दिसलंच नव्हतं. मी डावखुरी. पोरं मलाही ताईच म्हणत; ताई धरते तशी त्यांनी धरली.

हसू यायला हवं होतं, पण डोळे भरले. मार्चमध्ये पाहायला आलेल्या मंडळींनी, मुलगी डाव्या हाताने पोहे देते, म्हणून नकार कळवला होता. तेव्हापासून आई मला उजव्या हाताने चहा द्यायची सवय करायला लावत होती आणि रोज बशीत चहा सांडत होता.

तो गोंधळला. मग चप्पल काढून खाली बसला, अगदी माझ्यासमोर.

"पोरं शेजारी बसत्यात, म्हणून झालं आसंल. समोर बसली तर आरशावानी दिसंल. इणा बघू."

मी डाव्या हाताने सुई घातली, त्याने उजव्या. मी धागा ओढला, त्याने ओढला. पाच साखळ्या, मग एक खांब… मोटरीत तांब्याची तार भरणारी बोटं ती, एकदाही अडखळली नाहीत. मी सगळ्या पोरांना उठवून समोर बसवलं.

त्याचं नाव गोरख. ओझरचा. आमच्या गावच्या चौकात मोटर रिवायंडिंगचं दुकान, दुपारचं जेवण बहिणीकडे.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

"आता काय बिघडलं?"

"कोपरा वळत न्हाई."

"काल तर वळला होता."

"घरी जाईस्तवर उसवला…"

"ताई, मामानंच उसवला," आरोही म्हणाली. "मी बघितलं."

त्याचे कान लाल झाले. मी मान खाली घालून विणत राहिले, पण टाके मोजायचे राहूनच गेले.

असे दहा दिवस गेले. वर्ग संपायच्या आदल्या दिवशी मी त्याला मार्चमधला नकार सांगितला. उजव्या हाताचा सरावही सांगितला.

"मोटर उलटी फिरली तर मी तारा बदलतो," तो म्हणाला. "माणसाचा हात कशाला बदलायचा?"

"लोकांना चालत नाही."

"मी लोकांचं न्हाई बोलत. मला… समोर बसायचंय. रोज. घरच्यांना घिऊन येऊ का?"

मला तो आवडत होता, फार आवडत होता. मी म्हटलं, "या."

रविवारी ते आले. ट्रे देताना आई कानात कुजबुजली, "उजव्या हातानं गं." गोरख समोरच बसला होता. त्याच्या शेजारी त्याची आई, सोनीबाई, माझ्या हातांकडे पाहत होती. मी उजव्या हाताने कप उचलला. चहा बशीत आला. आता या हातातून चहा आयुष्यभर असाच सांडणार, असं मनात आलं… आणि मी ट्रे टेकवून कप डाव्या हातात घेतला.

आईने डोळे मिटले. गोरखने उजवा हात पुढे केला. आम्ही समोरासमोर होतो, त्यामुळे दोन्ही हात एकाच बाजूला आले. थेंबही सांडला नाही.

सोनीबाईंनी लेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला बी दे की पोरी," त्या म्हणाल्या. "त्याच हातानं दे."