मागे गेलेला तास

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. पहाटे घड्याळं तासभर मागे गेली होती. मोबाइल आपोआप बदलले, पण भिंतीवरचं आणि ओव्हनवरचं घड्याळ कुमुदिनीनं हातानं लावलं. त्याच दिवशी स्मोक अलार्मच्या बॅटऱ्याही बदलायच्या, हा तिच्या नवऱ्याचा, प्रणवचा शिरस्ता. यंदा तो आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेला होता. नेदरलँड्समधल्या झूटरमेरचं हे भाड्याचं घर घेऊन जेमतेम दोन महिने झालेले. सात वर्षांची ईशानी माळ्यावरच्या खोलीत चित्रं रंगवत होती.

साडेपाचलाच अंधारून आलं. खालचे दोन अलार्म उरकून कुमुदिनी स्टूल घेऊन माळ्याच्या दारापाशी आली. तिसरा अलार्म उघडला, तर आत बॅटरीच नव्हती. पत्र्याच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या. तिनं नवी बॅटरी बसवली मात्र, अलार्म किंचाळायला लागला. पाठोपाठ जळक्या प्लॅस्टिकचा वास.

"ईशानी! बाहेर ये!"

दार हलेना. त्या दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं, तरी हलेना. फटीतून धुराची बारीक रेघ बाहेर आली.

"आई... काही दिसत नाही गं..."

कुमुदिनीनं खांदा मारला. पुन्हा मारला. अलार्ममधली बॅटरी उपटून फेकली, तरी तो ओरडतच राहिला. फोन खाली ओट्यावर राहिला होता. दार सोडून जायचं तरी कसं? "देवा, माझं पोर आत आहे रे..." म्हणत तिनं फटीत बोटं घातली. नखं तुटली.

"मामा, वाट डू यं?"

आई, काय करतेयस, म्हणून डचमध्ये विचारत ईशानी मागे जिन्यात उभी होती. बाथरूममधून आलेली, हात ओले. तिला मराठी समजायची, पण ती कधीच मराठी बोलायची नाही.

कुमुदिनीनं फटीतली बोटं बाहेर काढली.

आतून हळूच आवाज आला, "आई... गेलीस का?"

तिनं ईशानीचा हात धरला आणि पाय न वाजवता दोन पायऱ्या उतरली. मागे खोकला सुरू झाला. छोट्या छातीचा, कोरडा. मग तो विरळ होत गेला... दोन खोकल्यांमधलं अंतर वाढत गेलं...

तिला पुढची पायरी उतरवेना.

"आहे गं बाळा," ती परत फिरली. "मी इथंच आहे. दारापासून मागे सरक."

सगळं अंग तिनं दारावर झोकून दिलं. दार सहज उघडलं. आत धूर नव्हता. फरशीवर रंगपेट्या, बंद खिडकी, आणि हाडं गोठवणारी थंडी. अलार्म गप्प झाला होता.

ईशानीला कडेवर उचलून ती अनवाणीच त्याच रांगेतल्या तिसऱ्या घरात, ओळखीच्या पद्मजाताईंकडे धावली. पद्मजाताईंनी तिचा चेहरा पाहिला आणि दोघींना सोफ्यावर बसवलं. ईशानीभोवती पांघरूण गुंडाळलं. मग आत जाऊन त्यांनी दुसरं आणलं, गुडघ्यांवर बसल्या आणि ईशानीशेजारच्या रिकाम्या जागेवर ते चारी बाजूंनी नीट खोचलं.

"आणि ही कुणाची गं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. "किती खोकतेय बिचारी..."